रोप आणि हरळी : बेन शेमेनपासून यातीरपर्यंत

तू बिश्वातचा दिवस उजाडला की इस्राएलमधील शाळाशाळांतून मुले हाती एकेक रोप घेऊन टेकड्यांकडे निघतात. ही चाल फार प्राचीन नव्हे. झिख्रोन याकोव येथील शिक्षक झेएव याबेत्स यांनी १८९० साली आपल्या विद्यार्थ्यांना या दिवशी झाडे लावावयास नेले आणि १९०८ साली शिक्षक संघाने तो वृक्षारोपणाचा दिवस म्हणून स्वीकारला. आपल्या जमातीस हा दिवस त्याही आधीपासून निराळ्या नात्याने ठाऊक होता. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाहू हन्नाबींचे पाऊल याच दिवशी उमटले अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा. म्हणून कोकणात या दिवशी मलिदा होई, फळे मांडली जात. इथे त्या फळांच्या जोडीला रोपही आले.

रोप लावण्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. दात्यांची नावे दगडांवर कोरलेली आहेत, केरेन कायेमेतच्या निळ्या पेट्यांची छायाचित्रे संग्रहालयांतून आहेत. पण मुले घरी परतल्यावर दीड-दोन महिन्यांनी त्या रोपाभोवती कमरेएवढे गवत माजते, त्याचे पुढे काय होते? ते कोणी काढले, कशाने काढले आणि न काढले तर काय झाले, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही एवढाच धागा धरणार आहोत. आपल्या वाचकांतील ज्या वडीलधाऱ्यांनी पन्नासच्या दशकात तुरिया हाती धरली असेल, त्यांना यातील काही गोष्टी आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असतील.

प्रथम हा झगडा कशासाठी आहे ते समजून घ्यावे. कोकणातील मनुष्य पावसाकडे पाहतो तो भात लावण्यासाठी. तिथे आषाढ-श्रावणात पाणी नको म्हणण्याची वेळ येते. इस्राएलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत आकाशातून जवळजवळ थेंबही येत नाही. जानेवारीत लावलेल्या वीतभर रोपाला या कोरड्या महिन्यांत जगावयाचे असेल, तर उन्हाळा लागण्यापूर्वी त्याचे मूळ खोल ओलीपर्यंत पोहोचले पाहिजे. परंतु त्याच हिवाळ्याच्या पावसावर गवतही उगवते, आणि ते रोपापेक्षा किती तरी वेगाने वाढते. त्याच्या मुळ्यांचे दाट जाळे मातीच्या वरच्या थरात पसरते आणि मार्च-एप्रिलमध्ये तो थर शोषून कोरडा करते. मग गवत स्वतः बी टाकून मरून जाते, त्याचे काम झालेले असते. रोप मात्र मुळाखाली कोरडी माती घेऊन उन्हाळ्यात शिरते. ऑगस्टमध्ये रोप वाळलेले दिसते, तेव्हा पाहणारा उन्हाला दोष देतो. खरे पाहता त्या रोपाचे मरण वसंतातच ठरलेले असते.

जमीन खणली की गवत येते, हीदेखील यातली एक विचित्र अडचण आहे. झुडुपे काढून, दगड बाजूला सारून खड्डा केला म्हणजे तिथे प्रकाश आणि मोकळी माती एकदमच मिळते. रोपासाठी केलेल्या या सोयीचा लाभ प्रथम रानटी ओट आणि रानटी जव घेतात. ही वर्षायू गवते एक वेळ आवरता येतात. बी धरण्यापूर्वी एकदा खुरपणी केली की त्या वर्षापुरती निभते. खरा हट्टी शत्रू दुसराच. हिब्रूत त्याला यब्लित म्हणतात. नाव परके वाटले तरी वनस्पती आपल्या पूर्ण ओळखीची आहे. ती म्हणजे आपली हरळी, आपल्या हिंदू शेजाऱ्यांची दूर्वा. गणपतीच्या दिवसांत जिची एकवीस पात्यांची जुडी बाजारात विकावयास येई, तीच इथल्या खोल मातीच्या सपाटीत आणि दऱ्यांत मळेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आणीत असे. देशावरील शेतकरी तर हरळीचे नाव काढताच कपाळाला हात लावतो, हे आपल्यापैकी ज्यांचे बालपण पुणे-नगरकडे गेले त्यांनी पाहिलेच असेल.

हरळी वरून धावते आणि खालूनही धावते. जमिनीवर तिचे ताणे पसरतात, मातीत तिच्या कांड्या चालतात, आणि प्रत्येक पेरापाशी नवे रोप होण्याची शक्ती असते. फावड्याने तिचे दहा तुकडे केले तर दहा ठिकाणी हरळी होते. म्हणून ती तोडून चालत नाही, तर माती खोल उकरून, काट्याने झटकून, एकेक कांडी वेचून उन्हात वाळवावी लागते. देशावर चैत्र-वैशाखात खोल नांगरट करून हरळी वेचण्याची जी रीत आहे, तीच रीत या शतकाच्या आधीच्या शतकात इथल्या वसाहतींतील मजुरांनी अवलंबिली. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना पाहिले नव्हते. वनस्पतीनेच दोघांना तोच धडा शिकविला. तिचा एकच दुबळेपणा आहे. ती उन्हाची लोभी आहे आणि दाट सावलीत टिकत नाही. सबब झाडाची सावली जमिनीवर पडेपर्यंत माणसाने हरळीला थोपवून धरावयाचे, आणि त्यानंतर ते काम झाडावर सोपवावयाचे, असा हा हिशेब.

या संदर्भात ज्वारीच्या एका रानटी बहिणीचाही उल्लेख केला पाहिजे. तिच्या शास्त्रीय नावात हलेब शहर आहे, आणि हिब्रूतही तिला 'दुरत अराम त्सोवा' म्हणतात. अराम त्सोवा हे हलेबचे आपल्या ग्रंथांतील नाव. कलकत्त्याच्या यहुदी वस्तीचा पाया अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्या शालोम कोहेन यांनी घातला, तेही हलेबचेच. अधिक मौजेची गोष्ट अशी की, इस्राएलच्या वनांत जो पाइन सर्वाधिक लावला गेला त्याच्याही शास्त्रीय नावात हलेबच आहे. हिब्रूत मात्र त्याला 'ओरेन येरुशालायीम' असे नाव दिले गेले. गवताला हलेबचे नाव राहिले आणि वृक्ष यरुशलेमचा झाला! असो.

वनरोपणाचा प्रारंभ लोदपासून हाकेच्या अंतरावर झाला, हे लोद-रामल्याच्या आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. केरेन कायेमेतची स्थापना १९०१ साली बासेल येथे झाली. हर्झल यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ जैतुनाचे वन उभारण्यासाठी वर्गणी जमविण्यात आली, आणि १९०८ च्या सुमारास बेन शेमेन व हुल्दा येथे लागवड सुरू झाली. बेन शेमेन येथे अरब मजुरांच्या हातून रोपे लावून घेण्यात आली, तेव्हा यहुदी मजूर खवळून आले. त्यांनी ती रोपे उपटली आणि पुन्हा आपल्या हातांनी लावली. हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून अभिमानाने सांगितला जातो. आम्हाला मात्र तो शिकविताना नेहमी थोडी अडचण वाटते. एकदा जमिनीत बसलेले रोप पुन्हा उपटून लावण्यात रोपाचे हित नव्हते, आणि पहिल्या मजुरांचा त्यात काही अपराधही नव्हता. पुढे जैतुनाची ती योजना अपेक्षेप्रमाणे फळली नाही, व त्या जागी पाइन आणि इतर वनवृक्ष आले.

१९३२ पासून केरेन कायेमेतच्या वनविभागाची सूत्रे योसेफ वाइत्स यांच्याकडे आली. राज्यस्थापनेनंतर या कार्याचा व्याप एकाएकी वाढला, त्याला वनाइतकेच पोटाचेही कारण होते. लक्षावधी ओलीम आले होते, माबारोतमध्ये तंबू होते, काम नव्हते. वनरोपणाला यंत्रे थोडी आणि हात पुष्कळ लागतात; म्हणून खड्डे खणणे, पायऱ्या बांधणे, रोपे लावणे आणि गवत काढणे ही कामे नवागतांना देण्यात आली. यरुशलेमकडे जाणाऱ्या डोंगराळ पट्ट्यात वाइत्स यांच्या पुढाकाराने श्रमग्रामे वसली; शेती उभी राहीपर्यंत तिथल्या कुटुंबांनी डोंगरावर मजुरी करावी अशी ती योजना होती. एश्ताओलला येमेनचे लोक आले. मेसिलत झियोन आणि ताओझ येथे कोचीनचे आपले बंधू आले. याच भागात १९५१ साली साठ लक्ष हुतात्म्यांच्या स्मरणार्थ 'यार हाकेदोशीम' या वनाची लागवड सुरू झाली.

ही मजुरी कशी होती? तुरिया म्हणजे आपल्या फावड्याचीच बहीण. रुंद पाते, आखूड दांडा, आणि ओढण्यासाठी सगळा भार कमरेवर. खड्डा खणणाऱ्याचे खड्डे मोजता येतात. लावणाऱ्याची रोपे मोजता येतात. गवत काढणाऱ्याच्या कामाची खूण मात्र पुढच्या पावसात पुसून जाते. मुंबईच्या रेल्वे कचेरीत, टपालखात्यात किंवा गिरणीत ज्याने आयुष्य काढले त्या बेने इस्राएल गृहस्थाच्या हाती चाळिशीत तुरिया आली, तर त्याला काय वाटले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. १९५१-५२ साली आपल्यापैकी काही कुटुंबांनी तेल अवीव येथे धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली. कामाच्या वाटपात वर्णावरून दुजाभाव होतो, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. त्या कुटुंबांना परत पाठविण्यात आले, आणि त्यांतील अनेकांनी पुढे पुन्हा इस्राएलला येण्याची इच्छा दर्शविली. अशा प्रकरणात कोणाला किती दोष द्यावा हा इथला विषय नव्हे. परंतु वनाचा इतिहास लिहिताना दात्यांच्या शिला वाचल्या जातात आणि बेणणाऱ्यांची नावे कुठेच लिहिलेली नसतात, हे नमूद केल्यावाचून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही.

बेणणी हा शब्द लिहिताना कोकण आठवते. आपले पूर्वज घाणे चालवीत, शनिवारी तेली म्हणून ओळखले जात. तथापि पुष्कळांच्या भातजमिनीही होत्या. तिथे रोपाच्या वाफ्यात भात पेरण्यापूर्वी पाला, गवत आणि शेण पसरून राब भाजीत. राबाने माती तापते, तणाचे बी मरते, आणि राखेचे खत मिळते. म्हणजे रोप येण्याआधीच तणाचा बंदोबस्त. इस्राएलच्या कोरड्या डोंगरावर राबाची युक्ती चालण्यासारखी नव्हती; तिथे आग लावली तर ती वाफ्यापुरती राहत नाही. पण रोपाच्या आधी तणाकडे पाहावे हे तत्त्व इथेही पटले. लागवडीपूर्वीची शरदातली नांगरट, पहिल्या पावसानंतर उगवलेले गवत लावणीआधीच मोडणे, आणि लावणीनंतर पहिली दोन-तीन वर्षे रोपाभोवती हात-दोन हात जागा वर्तुळाकार स्वच्छ ठेवणे, अशी शिस्त हळूहळू बसत गेली.

मग रसायने आली. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात सिमाझिन नावाचे तणनाशक जगभर वापरात येऊ लागले. ते मातीच्या वरच्या थरात राहून उगवत्या बीला मारते. खोल मूळ असलेल्या झाडाला सहसा बाधत नाही. १९७४ साली ग्लायफोसेट बाजारात आले. ते हिरव्या पानांतून शिरून कांड्यांपर्यंत उतरते, म्हणून हरळीवर ते लागू पडले. ज्या कामाला मजुरांची टोळी लागे ते पाठीवर पंप बांधलेला एक मनुष्य करू लागला. इस्राएलच्या वनांतही फवारणी रुळली. तिचे दुष्परिणाम दिसावयास वेळ लागला. सिमाझिन मातीतून झिरपून भूजलात सापडू लागले, आणि २००४ साली युरोपीय संघाने त्याला मान्यता नाकारली. शिवाय फवारलेल्या उतारावर पहिला जोराचा पाऊस पडला की माती धुपून जाते. कारण तिला धरून ठेवणारे तेच गवत असते ज्याला आपण मारलेले असते.

गवताला सरसकट शत्रू मानणे कितपत बरोबर, हा प्रश्न इथे येतोच. १९०६ साली आहरोन आहरोनसोन यांना रोश पिनाजवळ खडकाच्या फटीत रानटी गहू सापडला. आज आपण शब्बाथला ज्या पोळीवर अथवा हल्लावर आशीर्वाद म्हणतो, तिचा मूळ पूर्वज याच डोंगरांतील एक गवत आहे. मजुराच्या तुरियेखाली अशा गव्हाचे किती दाणे गेले असतील कोण जाणे! उलटपक्षी खरोखर परके असलेले एक तण आपल्या पुणेकर वाचकांस तोंडपाठ असेल. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले ते गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणत. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते गवत नव्हेच. अमेरिका खंडातले हे तण १९८० साली इस्राएलमध्ये बेत शआनच्या खोऱ्यातही नोंदले गेले, आणि आता इथल्या शेतांत पसरले आहे.

आता यातीरकडे वळू. हेब्रोनच्या डोंगरांच्या दक्षिण उतारावर, बेरशेव्याच्या ईशान्येस हे वन आहे. यहोशवाच्या पुस्तकात याजकांना दिलेल्या नगरांत यातीरचे नाव येते. तिथे वर्षाकाठी सरासरी सुमारे २८० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या रायगडात तेवढा पाऊस आषाढातल्या दोन-तीन दिवसांतही पडून जातो. इतक्या कमी पाण्यावर वन उभे राहणार नाही असे जाणत्यांचे मत असतानाही वाइत्स हट्टाला पेटले, आणि १९६४ साली लागवड सुरू झाली. आपल्या जमातीला ते वर्ष निराळ्या कारणाने स्मरते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे जाहीर केले. यातीरचे वन आज सुमारे ३०,००० दुनामांवर पसरले असून त्यात चाळीस लाखांच्या आसपास झाडे लावली गेली आहेत. २००० सालापासून वाइझमन संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे मनोरा उभारून झाडांचा श्वासोच्छ्वास मोजीत आहेत. या यशाला दुसरी बाजूही आहे. काही कोरड्या वर्षांत तिथले अनेक पाइन वाळून गेले. तसेच नेगेवच्या उत्तरेकडील उघड्या मातीवर राहणारा, बेरशेव्याचे नाव लाभलेला एक लहानसा सरडा झाडे आल्यामुळे संकटात सापडला. फांद्यांवर बसून टेहळणी करणाऱ्या पक्ष्यांना तो उघड्यावर आयताच सापडतो. काही ठिकाणी गवताळ माळ हाच भूमीचा स्वभाव असतो, असे आता निसर्गरक्षक आग्रहाने सांगतात, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला डावलण्याजोगे वाटत नाही.

या सर्व काळात एका जुन्या मजुराला मात्र वनातून हद्दपार केलेले होते. तो मजूर म्हणजे शेळी. बाबा कामा या ग्रंथातील मिश्ना सांगते की, इस्राएलच्या भूमीत लहान जनावरे पाळू नयेत, सीरियात आणि ओसाड रानात पाळावीत. कारण ती दुसऱ्याच्या पिकात शिरतात. १९५० साली क्नेसेतने शेळ्यांपासून होणाऱ्या नुकसानीविरुद्ध कायदा केला, तो 'काळ्या शेळीचा कायदा' म्हणून ओळखला जातो. शेळी कोवळे रोप शेंड्यापासून खाते, हे सत्यच आहे. पण त्या कायद्याचा भार प्रामुख्याने अरब आणि बेदुइन मेंढपाळांवर पडला, ज्यांची उपजीविकाच त्यावर होती. आणि शेळ्या गेल्यावर वनातील गवत व झुडुपे खाणारे कोणी उरले नाही. पाइनची सावली विरळ झाली तिथे गवत परत आले, मेमध्ये वाळले आणि सरपणासारखे पडून राहिले.

त्याची किंमत आगीच्या रूपाने चुकवावी लागली. डिसेंबर २०१० मध्ये कार्मेल डोंगरावरील वणव्यात ४४ माणसे मृत्यू पावली. २३ मे २०१९ रोजी बेन शेमेनच्या वनातील मेवो मोदीइम या वस्तीची बहुतेक घरे जळाली. लोदच्या आपल्या कुटुंबांनी तो धूर आपल्या गच्चीवरून पाहिला असेल. एप्रिल २०२५ च्या अखेरीस यरुशलेमच्या वाटेवर पेटलेल्या वणव्यात कोचीनच्या बंधूंचे मेसिलत झियोनही रिकामे करावे लागले. आगीची ठिणगी कोठूनही येवो, ती जमिनीवरून धावते ती वाळलेल्या गवताच्या पाठीवरून. २०१८ साली, म्हणजे ६८ वर्षांनी, क्नेसेतने काळ्या शेळीचा तो कायदा रद्द केला. रद्द करण्याचे विधेयक जमाल झहाल्का या अरब सदस्यांनी मांडले होते. शेळ्या वनाला आगीपासून वाचवितात, हे तोवर सर्वांना मान्य झाले होते.

आगीनंतरची गोष्टही थोडी पालटली आहे. पूर्वी जळालेल्या जागी ताबडतोब नवी रोपे लावीत. पाइनची काही फळे आगीच्या उष्णतेनेच उघडतात आणि राखेत त्यांची हजारो पिले उगवतात, हे पाहिल्यावर आता बऱ्याच ठिकाणी थांबून, उगवेल त्यातून निवड करण्याची पद्धत आहे. त्या पिलांनाही पहिली दोन वर्षे गवताशीच झगडावे लागते.

शेवटी एक धार्मिक मुद्दा राहतो, कारण तो आम्हाला वर्गात वारंवार विचारला जातो. २०२१-२२ हे श्मिताचे वर्ष होते. त्या वर्षी रोपे लावीत नाहीत. मग गवत काढता येते काय? हाखामांनी यात भेद केला आहे. झाड जगावे एवढ्यापुरते केलेले काम चालते. झाड अधिक चांगले व्हावे म्हणून केलेले चालत नाही. मरणपंथास लागलेल्या रोपाभोवतीचे गवत काढणे पहिल्या प्रकारात मोडू शकते, पण प्रत्यक्ष प्रसंगी आपल्या हाखामांस विचारून वागावे. पुढील श्मिता २०२८-२९ मध्ये येईल.

आज वनात कळप सोडण्याचे वेळापत्रक ठरलेले असते. गवत वाढल्यानंतर पण वाळण्यापूर्वी, साधारण हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंत सरेपर्यंत, बेदुइन मेंढपाळ आपल्या शेळ्यामेंढ्या ठरलेल्या भागात आणतात. जिथे झाडांचे शेंडे शेळीच्या तोंडापलीकडे गेले आहेत तेवढाच भाग त्यांना मोकळा. नव्या लागवडीच्या कुंपणाच्या आत त्यांना प्रवेश नाही. तिथे रोपाभोवतीचे वर्तुळ अजून माणसालाच तुरियेने साफ करावे लागते.